मूठ जमिनीवरच ओढ

नारपोली, भिवंडी
८ जानेवारी, गुरुवार

करिष्मा,

तुझी रिग आज दाजींच्या मालाच्या गाडीतून परत येते आहे. हे पत्र मात्र रिगच्या खिशात ठेवलेलं नाही, दाजींच्या हातात दिलं आहे. पॅराशूटच्या पिशवीत पॅराशूटचं नसलेलं काहीही जायला नको, हा दिनेश सरांचा पहिला नियम तुलाही पाठ आहे. तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस म्हणून कागदावर लिहिते आहे. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

तुझ्या रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव छत्रीच्या, घड्यांची मुदत या महिन्यात संपत होती. छत्री उघडली, दिवसभर टांगली, कापड उजेडात धरून पाहिलं, प्रत्येक दोरी बोटांतून फिरवली, परत घड्या घातल्या आणि पिशवी बंद केली. शेवटचा लाल धागा आणि शिशाचा शिक्का सरांचा. घड्या माझ्या. सर जवळजवळ सगळा वेळ समोर उभे होते. जवळजवळ असं लिहिलं कारण दुपारी थोडा वेळ ते बाहेर गेले होते, आणि तुझ्या बाबतीत मला अर्धवट खरं लिहायचं नाही.

सरांचा गाळा आहे तसाच आहे. शेजारी लूम चालू असतात, त्यामुळे आमची टेबलं थरथरायची. आता सरांनी पायांखाली रबर घातलं आहे. परवा शेजारचा एक कारीगर दारातून डोकावून म्हणाला, "दीदी, इतना कपड़ा! एक साड़ी भी नहीं निकलेगी इसमें से?" सर म्हणाले, "जान निकलने से बचाती है, साड़ी का क्या करोगे?" तो हसत गेला. मला हसू आलं नाही. माझ्यासमोर त्या वेळी दोन टेबलांवर दोन रिग होत्या, एक तुझी निळी आणि एक तुमच्या उडीच्या शाळेची पिवळी, नवीन मुलांना शिकवायची. तीही आज याच गाडीत येते आहे. तुझ्या रिगच्या पट्ट्यावर तू शाईनं नाव लिहिलं आहेस. ते पुसट झालंय. मी त्यावरून परत पेन फिरवलं नाही.

आता उपदेश. तू म्हणशील, ही एकदाही विमानातून उडी न मारलेली बाई जमिनीवरून शिकवते. हो, शिकवते.

मागच्या हिवाळ्यातला तुझा तो व्हिडिओ मी अजून बघते. मेन छत्री उघडली, पण दोऱ्यांना पीळ पडला आणि तू गोल गोल फिरायला लागलीस. पाय झटकून पीळ सोडवायचा, सुटला नाही तर ठरलेल्या उंचीवर सोडवणं बंद करायचं. लाल मूठ बघायची, धरायची, ओढायची. त्यानं मेन सुटून जाते, मग चांदीसारखी चमकणारी मूठ ओढायची, म्हणजे रिझर्व्ह येते. तू ठरलेल्या उंचीच्या खाली जाऊनही पीळच सोडवत होतीस. मला कारण माहीत आहे. आपण लूमच्या घरात वाढलो. तार तुटली की मशीन न थांबवता दोन बोटांनी गाठ मारायची, हे बाबांनी आपल्याला अक्षरांच्या आधी शिकवलं. कापड सोडून द्यायचं असतं हे आपल्या हातांना माहीतच नाही. पण वर ते सोडावं लागतं. खराब मेन म्हणजे कापड नव्हे, करू. ती गेली तर जाऊ दे.

रिझर्व्ह उघडली म्हणून तू वाचलीस. त्या रिझर्व्हची मुदत उलटून गेली होती आणि तुला ते माहीत होतं, हे मी तुमच्या शाळेच्या ऋतिका मॅडमना लिहून कळवलं. त्यांनी तुला तीन महिने जमिनीवर बसवलं. तू मला चुगलखोर म्हणालीस. मी परत तेच करीन, हेही आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे तुझा गैरसमज राहायला नको.

घरी सगळं बरं आहे. तू उड्यांसाठी घर सोडलंस तेव्हापासून बाबा तुझं नाव घेत नाहीत. संध्याकाळी गच्चीवर जाऊन गोदामांवरचे झेंडे किती फडफडतात ते बघतात, खाली येऊन म्हणतात, "वारा हाय आज." कोणी काही विचारत नाही. तुझी रिग आली आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. पण दाजींचं तोंड तुला माहीत आहे. गाडीतून उतरता उतरता आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरीची पन छत्री आनलीय ह्या खेपेला, नीट भरा म्हनावं!" काल आई मला डबा द्यायला गाळ्यावर आली. एरवी शेजारच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला येते, पण आमच्या दारात येत नाही.

तुझी,
ताई


१२ जानेवारी, सोमवार

करिष्मा,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे कारण दाजी गुरुवारशिवाय तिकडे जात नाहीत, शनिवारी परततात.

एक काम कर. तुझी रिग परत पाठव. वापरू नकोस. रिझर्व्हच्या वरच्या झाकणाची एक घडी मला बरोबर आली नाही असं वाटतं. घाबरण्यासारखं नाही, पण मला चैन पडत नाही. तोवर शाळेची एखादी रिग घे.

शनिवारी मी ऋतिका मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "भाग्यश्री, शिक्का शाबूत आहे, दिनेश सरांची सही आहे. घडीत नक्की काय चुकलं ते सरांकडून लिहून येऊ दे." मग आवाज हळू करून म्हणाल्या, "ती म्हणते, ताईचं परत सुरू झालं." सरांकडून मी काय लिहून आणू? सरांना मी विचारलेलं नाही.

आई बरी आहे. खरं तर फारच बरी आहे. तुझी ती उडी झाल्यापासून तिला झोप नव्हती. विमानाचा आवाज आला की कांड्या भरायचं थांबवून वर बघायची, आपल्याकडे विमानं जातात ती मुंबईची हे शंभरदा सांगूनसुद्धा. तुझी रिग गेल्यापासून वर बघत नाही. शुक्रवारी विमान गेलं, ती कांडी भरत राहिली आणि गुणगुणत होती. मी म्हटलं, "आई, आज भीती नाही वाटत?" तर म्हणाली, "आता तिला काय व्हत न्हाय." मी विचारलं, का? "न्हाय व्हत म्हंजे न्हाय व्हत. जा, भात उतरव."

मी भात उतरवला. पण तिच्या बोलण्यात "देवाच्या दयेनं" वगैरे नव्हतं. रिक्षावाला सुट्टे पैसे परत देईल अशी खात्री असावी तसं ती बोलली. मागच्या महिन्यात ती दिघाशीला जाऊन आली. मामाला बघायला जाते म्हणाली. मामा तर त्या दिवशी इथंच, शेलारला कामावर होता, हे मला आज कळलं.

तू रिग पाठव.

ताई


१५ जानेवारी, गुरुवार

करू,

घडीचं खोटं होतं. घडी बरोबर होती. खरं आता लिहिते, आणि दाजींना शपथ घालून सांगितलं आहे की तू हे वाचेपर्यंत त्यांनी तुझ्यासमोरून हलायचं नाही. आज सकाळी मॅडमना फोन करून एवढंच विचारलं की उड्या आहेत का. वारा जोरात आहे, आज-उद्या कोणीच वर जाणार नाही म्हणाल्या. म्हणून शांतपणे लिहू शकते. शांतपणे नाही. पण लिहू शकते.

काल संक्रांत. आईनं तिळगूळ केला, आणि एक लाडू वेगळ्या डबीत ठेवला. बाबांनी ते बघितलं. ते बाहेर गेल्यावर मी दार लावलं आणि आईसमोर बसले.

"तू दिघाशीच्या धाकल्या भगताकडे गेली होतीस."

"मंग? चोरी केली का मी?"

"काय दिलं त्यानं?"

"तांदूळ दिलं मंतरून. पुरचुंडीत."

"कुठंय ती?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बारावी पास होऊनही इतकं साधं विचारते. "कुठं म्हंजे? करूच्या छत्रीत."

मला आधी वाटलं, नुसती कुठंतरी खोचली असेल. तेही वाईटच, पण बहुतेक वेळा अशी गोष्ट छत्री उघडताना बाहेर फेकली जाते. मी म्हटलं, "कुठं ठेवलीस?"

"ठेवली न्हाय, बांधली. भगत बोलला, ठेवायची न्हाय, अंगाला बांधायची. अंग कुठं हाय माझ्याजवळ तिचं? दोन वरीस झाली, पोर दारात न्हाय आली. म्हनून त्या दोऱ्यांना बांधली. त्या खिशात गुच्छा करून ठेवलेल्या ना, त्यांना. दोऱ्या तिला धरूनच असतात ना गो वर?"

"किती दोऱ्यांना?"

"हातात आल्या तवढ्यांना. तीन, चार." आणि माझा चेहरा बघून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नको, बाय. कांडीच्या दोऱ्यानी बांधली, दुहेरी. माझी गाठ हाय. सुटणार न्हाय."

तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. रिझर्व्ह उघडते तेव्हा सगळ्या दोऱ्या एकमेकींपासून लांब गेल्या पाहिजेत, तरच कापड फुलतं. दोऱ्यांवरून खाली सरकणारा तो कापडाचा चौकोनी तुकडा मध्ये गाठ लागली तर तिथंच अडकतो. चार दोऱ्या एकत्र बांधलेल्या, पॉलिएस्टरच्या दुहेरी पिळानं, आईच्या हातच्या गाठीनं. कदाचित झटक्यानं दोरा तुटेल. कदाचित नाही. मेन बिघडली तर रिझर्व्ह असते. रिझर्व्ह बिघडली तर त्याच्यापुढं कुठल्याच पुस्तकात काही लिहिलेलं नाही, मी शोधलं.

हे कसं झालं तेही सांगते. त्या दिवशी आईनं डब्यात सुके बोंबील आणले. दोऱ्या खिशात भरून झाल्या होत्या, पिशवी बंद करायची बाकी होती. सर बँकेत गेले होते. दोऱ्या भरल्यावर टेबल सोडायचं नसतं, मला माहीत आहे. पण बोंबलाचा हात छत्रीच्या कापडाला लागायला नको म्हणून मी बाहेर ओट्यावर बसून जेवले, आणि नंतर साबणानं दोनदा हात धुतले. आई म्हणाली, "तू सावकाश जेव, मी बसते इथं, मांजर येईल न्हाईतर." मला बरं वाटलं. आईला पहिल्यांदाच माझ्या कामाची काळजी वाटली, असं वाटलं.

आता काय करायचं ते सांगते. रिग अंगात न घालता जमिनीवर ठेव आणि रिझर्व्हची मूठ ओढ. जमिनीवरच. सगळं बाहेर येईल. दोऱ्यांच्या खिशात बघ. मग दाजींबरोबर शनिवारी रिग परत पाठव, मी भरीन, या वेळी सर एक पाऊलही हलणार नाहीत. तुला कारण विचारलं तर चुकून ओढली म्हण. नाही, खोटं बोलू नकोस. ताईनं सांगितलं म्हण.

सरांना मी अजून सांगितलेलं नाही. सही त्यांची आहे. बाहेर समजलं तर गाळा बंद होईल, आणि आईबद्दल लोक काय म्हणतील ते तुला ऐकू येतं आहे, मलाही येतं आहे. अडाणी बाईनं तांदूळ बांधले, हसतील, वर्षानुवर्षं हसतील. म्हणून तुझ्याकडे आले. शनिवारी दाजी उघडलेली रिग घेऊन आले नाहीत तर त्याच मिनिटाला मी सरांना सांगणार. ही धमकी समज.

तू मला काहीही म्हण. मूठ ओढ.

ताई


१८ जानेवारी, रविवार

करू,

काल काय झालं त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं अर्धं तुला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

सकाळी दाजी आले. तुझी निळी रिग त्यांनी टेबलावर ठेवली, रिझर्व्ह सगळी बाहेर, गोधडीसारखी गुंडाळलेली. सरांनी चष्मा वर केला.

"ही उघडून कशी आली? कोणी ओढली?"

"पोरीनीच," दाजी म्हणाले. "पत्र वाचला, रिग जमिनीवर टाकली, अन् दिली ओढून. ती स्प्रिंगवाली बारकी छत्री अशी टुणकन उडाली, तिथला कुत्रा जो पळाला तो हँगरच्या मागं! सगळी पोरं हसली. ती न्हाय हसली." मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून, "तुझ्यासाठी निरोप हाय. बोलली, ताईला सांगा, काय निघाला न्हाय. आता बास."

मी सरांसमोरच दोऱ्या हातात घेतल्या. एक एक दोरी वरपासून खालपर्यंत. खिसा उलटा केला. काही नव्हतं. एका क्षणासाठी मला हलकं वाटलं. मग वाटलं, आई खोटं बोलली. आणि मग लक्षात आलं की आई खोटं बोलत नाही. ती लपवते, पण विचारलं की खरं सांगते.

सर काहीतरी विचारत होते. मी बाहेर पळाले.

आई शेजारच्या गाळ्यात कांड्या भरत होती. तुला माहीत आहे, तिथं लूम चालू असताना कानात बोललेलंही ऐकू येत नाही. मी ओरडले, "आई, कुठल्या छत्रीला बांधलीस?"

"काय?"

"कुठल्या! छत्रीला! दोन होत्या! दोन्ही उघड्या!"

"करूच्या!" आई ओरडली.

"करूची कुठली?"

"कुठली म्हंजे! पिवळी!"

"पिवळी का?"

"शेलार नाक्याच्या बॅनरवर घातलीय ना तिनी! पिवळी! मी काय माझ्या पोरीला वळखत न्हाय?"

तो फ्लेक्स, करू. तू पहिली उडी मारलीस तेव्हा लावलेला. नेत्याचा चेहरा मोठा, तू कोपऱ्यात, शाळेची पिवळी रिग घालून. अर्ध्यावर आता क्लासची जाहिरात चिकटवली आहे, पण तू दिसतेस. आई रिक्षातून जाताना तेवढ्यासाठी डाव्या बाजूला बसते. तुझी स्वतःची निळी रिग तिनं कधी बघितलेलीच नाही. तिला कोणी दाखवली असती? मी त्या दिवशी रिगचं नावच काढलं नाही. बाबांच्या भीतीनं, आणि जरा तुझ्या रागानं. मी एक बोट दाखवलं असतं तर बास होतं.

दोन कारीगरांनी लूम बंद केले. "क्या हुआ दीदी, कोई मर गया क्या?" मी पळत परत निघाले.

गाळ्यात परत येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. तुझी रिग असती तर ती तुझ्या हातात होती आणि तू मूठ ओढू शकत होतीस, म्हणून मी सरांपासून लपवलं. पिवळी रिग मात्र रोज नव्या माणसाच्या पाठीवर असते. ज्याला अजून पीळ म्हणजे काय ते धड माहीत नाही, घाबरला की रिझर्व्हची मूठ आधी तोच ओढणार. इतके दिवस ती कोणाकोणाच्या पाठीवर गेली, आणि मी इथं बसून तुला उपदेशाची पत्रं लिहीत होते. तू जर मूठ ओढली नसतीस, तर मी अजूनही निळीचीच काळजी करत राहिले असते.

मी सरांना म्हटलं, "सर, पिवळ्या रिगच्या रिझर्व्हमध्ये माझ्या आईनं दोऱ्यांना गाठ मारली आहे. मला संक्रांतीपासून माहीत होतं, पण मला वाटलं तुझ्या, म्हणजे करिष्माच्या रिगमध्ये आहे." असंच, गोंधळून बोलले. सरांनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

ऋतिका मॅडम हसत बोलल्या, "गुड मॉर्निंग सर, वारा पडलाय, पहिली खेप बसतेय विमानात."

"पिवळी कोणाच्या पाठीवर आहे?"

"भाविकच्या. नवीन मुलगा. करिष्मा त्याचे पट्टे बघतेय. का?"

"कोणी चढू नका. करिष्माला सांग, त्याला बाजूला घे आणि रिझर्व्ह ओढ."

"आत्ता? इथं?"

"आत्ता. इथं."

मग मॅडमचा ओरडण्याचा आवाज, विमानाची घरघर, कोणीतरी म्हणालं "अरे पण कशाला," आणि तो स्प्रिंगचा आवाज. फोनवरून तो अगदी बारीक येतो, बाटलीचं बूच निघाल्यासारखा. नंतर कितीतरी वेळ नुसती घरघर. दाजी दारात उभे होते, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मी जमिनीकडे बघत होते.

आणि मग तुझा आवाज आला. वर्षभरानं.

"ताई, गाठ आईचीच हाय. नखानी सुटंना. कापली."

एवढंच. मी काही बोलायच्या आत फोन मॅडमकडे गेला होता. तुझ्याकडचं बाकीचं मला मॅडमकडून कळलं: चार नव्हे, पाच दोऱ्या, भाविक हसायचा प्रयत्न करत होता, आणि तू ती पुरचुंडी फेकून न देता स्वतःच्या खिशात ठेवलीस.

सरांनी मला ओरडावं असं फार वाटत होतं. ते ओरडले नाहीत. मी म्हटलं, दोरा कदाचित झटक्यानं तुटलाही असता ना? ते म्हणाले, "कदाचित. कदाचितवर मी सही करत नाही." मग माझ्यासमोर बसून त्यांनी आणखी फोन केले. या महिन्यात इथून गेलेली प्रत्येक रिझर्व्ह उघडायला सांगितली. कारण विचारलं की म्हणायचे, "माझ्या गाळ्यात टेबल सोडलं गेलं. मी पण सोडलं, बँकेत गेलो होतो." ते स्वतःचं नाव आधी घेत होते. गाळा बंद आहे. चौकशी होईल. मला टेबलाजवळ उभं राहायची परवानगी नाही, किती दिवस ते माहीत नाही. हे बरोबर आहे. मला हातांचं काय करायचं तेवढं कळत नाही. सकाळपासून घरातली सगळी पांघरुणं मी घड्या मोडून परत घातली.

आता आईचं.

मला वाटलं होतं, तिला सांगायला कठीण जाईल. परक्या पोराचा जीव जायचा होता, हे तिला कळलं तर ती कशी सहन करेल, असं वाटून मी रात्रभर वाक्यं जुळवत होते. आज सकाळी बाबाही घरात होते. मी दोघांसमोर सगळं सांगितलं, दोऱ्या लांब का जाव्या लागतात ते टॉवेलच्या दशा धरून दाखवलं. आई ऐकत होती. दशांकडे बघत होती. भाविकचं नाव ऐकून म्हणाली, "त्याला काय झाला न्हाय ना?" नाही म्हटलं. "त्याच्या आईला सांगू नका." मी बरं म्हटलं.

मग एकदम तिनं माझा हात धरला.

"म्हंजे करूला बांधलीच न्हवती?"

"नाही आई. पिवळीला..."

"इतके दिस? त्या दिवसापासना? ती उडत व्हती, अन् तिला काय बांधलेलाच न्हवता?"

आणि ती रडायला लागली, करू. दिवसभर कांड्या भरणारी ती बाई, जिचे हात कधी रिकामे नसतात, ती हात मांडीवर उघडे टाकून रडत होती. "इतके दिस पोर उघडीच उडत व्हती," एवढंच परत परत. मी तिला समजावायला लागले की उलट तेच बरं झालं, तुझ्या दोऱ्या मोकळ्या होत्या म्हणूनच... तिला ते ऐकू येत नव्हतं. मला वाटतं, मी जन्मभर समजावलं तरी ऐकू येणार नाही. आणि मला तिचा राग येत नाही, याचीच मला काळजी वाटते.

बाबा उठले. चप्पल घातली. दारातून म्हणाले, "चल, दिघाशीला जाऊन येऊ. धाकल्या भगत रविवारी घरीच असतो." आईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्यामागून गेली. दोन वर्षांत तुझ्यासाठी बाबा पहिल्यांदा घराबाहेर पडले, आणि ते भगताकडे. संध्याकाळी आले तेव्हा आईच्या हातात नवी पुरचुंडी होती. तिनं ती माझ्याकडे दिली. "तू शिकलेली हायेस," म्हणाली, "बरोबर ठिकानी जाईल असं कर."

तर ती या पाकिटात आहे. दाजींना हातात द्यायला सांगितलं आहे. रिगमध्ये ठेवायची नाही, हे मी आता लिहायची गरज नसावी, तरी लिहिते. आई रोज विचारणार आहे, बांधली का. तू "बांधली" असं नुसतं सांगून तिला झोप लागू द्यावी असं मला फार वाटतं. पण खोटं बोल असं मी तुला सांगू शकत नाही. म्हणून खरंच बांध. डाव्या मनगटाला नको, तिथं उंची दाखवणारं घड्याळ असतं. उजव्या हाताला नको, मुठीत अडकेल. पायाला बांध, घोट्याच्या वर, मोज्याच्या आत. आधी मोजा, मग बूट, मग ओढून बघ की काही लोंबत नाही ना.

आणि फोन कर. माझ्या नंबरवर करायचा नसेल तर बाबांच्या नंबरवर कर, उचलतील. बांधलीस हे आईला तुझ्याच आवाजात ऐकू दे. कुठं बांधली ते विचारेल. पायाला म्हटलंस तर मंतरलेले तांदूळ पायाला बांधतात का म्हणून तुला शिव्या घालेल. घालू दे.

ताई